पाहुणा, परका आणि शेजारी

कोणत्याही समाजातील माणसाला विचारा. आमच्यासारखे आदरातिथ्य दुसरीकडे कोठे नाही, असेच तो अभिमानाने सांगेल. खानदेशातील शेतकरी म्हणेल, आमच्या घरून पाहुणा भरीत-भाकरी खाल्ल्यावाचून जात नाही. गोव्याचा ख्रिस्ती बांधव माशांच्या कढीचे वर्णन करील. केरळचे कुटुंब केळीच्या पानावर वाढलेल्या भाताची आठवण काढील. उत्तर प्रदेशातील कामगार सांगेल, आमच्या गावी नुसते पाणी देत नाहीत, सोबत गुळाचा खडा तरी ठेवतात. यातील प्रत्येकाचे म्हणणे खरे आहे.

पण हीच मंडळी शेजारच्या समाजाविषयी बोलू लागली की सूर पालटतो. पुणेकर 'जेवूनच आला असाल' असे म्हणतो, हा विनोद आपण वर्षानुवर्षे एकमेकांना सांगत आलो आहोत. मारवाडी म्हटला की चिकट, सिंधी म्हटला की व्यवहारात पक्का, 'मद्रासी' म्हटला की आपल्याच माणसांना पुढे ओढणारा, 'भैया' म्हटला की अडाणी. आणि मराठी माणूस? मुंबईत आणि गोव्यात त्याला 'घाटी' म्हणून हिणवले जाते. आपल्यापैकी अनेकांनी हा शब्द कानांनी ऐकला आहे आणि तो किती बोचतो हेही अनुभवले आहे.

असे का होते, याचा विचार केला असता आम्हांला एक कारण दिसते. स्वतःच्या समाजाला आपण घरातल्या ताटावरून ओळखतो आणि दुसऱ्याच्या समाजाला दुकानातल्या तराजूवरून. आपला माणूस आपल्याला आई, मावशी, आजोबा या नात्यांनी भेटतो. दुसरा मात्र दुकानदार, रिक्षाचालक, रखवालदार, भाडेकरू म्हणून भेटतो. तेथे घासाघीस असते, पैशांचा हिशेब असतो, कधी फसवणूकही असते. त्या थोड्याशा ओळखीवरून आपण अख्ख्या समाजाचे चित्र रंगवतो. अशी चित्रे बाजारात तयार होतात आणि घरी कोणी बोलावत नाही म्हणून ती कायम राहतात.

भाषेवरून तापलेले वर्ष

या विषयाकडे आज वळण्याचे कारण आहे. ३ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्र सरकारने मराठीला अभिजात भाषेचा दर्जा दिला आणि सर्वांना आनंद झाला. त्यानंतर २०२५ साली पहिलीपासून हिंदी ही तिसरी भाषा म्हणून शिकविण्याच्या शासन निर्णयावरून राज्यात वादळ उठले. २९ जून २०२५ रोजी सरकारने ते निर्णय मागे घेतले. त्याच सुमारास मीरा रोड येथे मराठी न बोलणाऱ्या एका मिठाई विक्रेत्याला मारहाण झाली. तिचे चित्रण घराघरांतील मोबाईलवर पोहोचले. आधी व्यापाऱ्यांचा मोर्चा निघाला, मग मराठी भाषकांचा. दोन्ही मोर्चांतील माणसे एकाच रस्त्यावर राहणारी होती, हे मात्र बातम्यांच्या गदारोळात कोणाच्या फारसे लक्षात आले नाही.

मराठीचा आग्रह धरणाऱ्यांची व्यथा खोटी आहे असे आम्ही मुळीच म्हणणार नाही. ज्या राज्यात आपण राहतो तेथील भाषा वीस-पंचवीस वर्षांतही शिकू नये, हा त्या भूमीचा अनादरच होय. स्थानिक तरुणाला डावलून बाहेरून कमी मजुरीत माणसे आणली जातात, तेव्हा त्याच्या मनात कडवटपणा येणे स्वाभाविक आहे. पण मजुरी किती द्यायची, हे ठरविणारा कोण असतो? कंत्राटदार आणि मालक. आपला राग मात्र निघतो त्या कमी मजुरीत राबणाऱ्यावर, कारण तो हाताशी सापडतो.

नाशिककरांना ही गोष्ट नवीन नाही. २००८ सालचा फेब्रुवारी महिना आपल्यापैकी अनेकांना आठवत असेल. महाराष्ट्र नवनिर्माण सेनेच्या आंदोलनाच्या त्या दिवसांत उत्तर भारतीयांवर हल्ले झाले आणि अंबड व सातपूर येथील औद्योगिक वसाहतींमधील कामगार हजारोंच्या संख्येने घरदार सोडून निघाले. नाशिक रोड रेल्वे स्थानकावर पत्र्याच्या पेट्या आणि कडेवर मुले घेतलेली कुटुंबे मिळेल त्या गाडीची वाट पाहत होती. कारखान्यांतील यंत्रे माणसांवाचून उभी राहिली. १३ फेब्रुवारी रोजी कामगारांना घेऊन जाणाऱ्या एका बसवर नाशिकजवळ दगडफेक झाली आणि हिंदुस्थान एरोनॉटिक्समधील एक कर्मचारी मृत्युमुखी पडला. तो कर्मचारी मराठी होता. परक्यासाठी उचललेला दगड आपल्याच माणसाच्या घरात अंधार करून गेला.

त्याआधी चाळीस वर्षे, म्हणजे १९६६ नंतर, मुंबईत हाच राग दाक्षिणात्यांवर होता. तेव्हा कचेऱ्यांतील टंकलेखक आणि उडुपी उपाहारगृहांचे मालक हे शत्रू ठरले होते. तमिळ, तेलुगू, कन्नड आणि मलयाळम या चार थोर भाषांच्या लोकांना आपण एका 'मद्रासी' शब्दात बसवले. मद्रास राज्याचे नाव १९६९ साली तामिळनाडू झाले, तरी आपला शब्द बदलला नाही. आज इडली-डोसा हा आपल्या घरचा रविवारचा नाश्ता आहे आणि तो राग कोठल्या कोठे गेला. चाळीस वर्षांनी तोच ठपका दुसऱ्या प्रांताच्या माणसावर आला. वेळोवेळी माणसे बदलली, पण दोषारोप तेच राहिले. यावरून दोष माणसांत कमी आणि आपल्या पाहण्यात अधिक असावा, असे अनुमान काढणे चुकीचे ठरणार नाही.

सर्वांना सामावणारे नाशिक

नाशिक हे मुळात येणाऱ्या-जाणाऱ्यांचे गाव. दर बारा वर्षांनी येथे सिंहस्थ भरतो. २००३ आणि २०१५ साली तो आपण पाहिला. त्या काळात सबंध भारत गोदाकाठी उतरतो. तेथे कोणी कोणाला 'तू कोठला' असे दरडावून विचारत नाही. १९४७च्या फाळणीनंतर घरदार गमावलेल्या सिंधी कुटुंबांना कल्याण आणि पिंपरीप्रमाणे आपल्या देवळालीच्या छावणीतही आसरा मिळाला. त्यांची तिसरी-चौथी पिढी आज नाशिकचे मराठी बोलते.

परंतु या मोठेपणाला दुसरी बाजूही आहे. दूरच्या यात्रेकरूंना आपले म्हणणाऱ्या याच नगरीत, याच मातीत जन्मलेल्या लोकांना काळाराम मंदिराच्या दारातून आत जाण्यासाठी २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली सत्याग्रह सुरू करावा लागला. पाच वर्षे तो चालला आणि दार उघडले नाही. आपल्या धर्मप्रांतातील कितीतरी कुटुंबांच्या आजी-आजोबांनी हे दुःख सोसलेले आहे. दोन दिवसांच्या पाहुण्याला पाट-पाणी आणि जन्माच्या शेजाऱ्याला मात्र उंबऱ्याबाहेर उभे करणे, ही विसंगती आपण तेव्हा भोगली. म्हणूनच ती दुसऱ्याच्या वाट्याला येऊ न देण्याची जबाबदारी इतर कोणाहीपेक्षा आपल्यावर अधिक आहे.

शरणपूर रस्त्यावरून आपण खरेदीसाठी नेहमी जातो. त्या नावामागे काय आहे, याचा विचार आपण क्वचितच करतो. एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला चर्च मिशनरी सोसायटीचे रेव्हरंड विल्यम प्राइस यांनी तेथे ख्रिस्ती वसाहत उभारली. तो आपल्या कॅथलिक मिशनचा इतिहास नव्हे. पण तो नाशिकचा इतिहास आहे. अरबी समुद्रात गुलामांची वाहतूक करणारी गलबते इंग्रज आरमार पकडत असे. त्यांतून सुटका झालेली आफ्रिकी मुले मुंबईला उतरविली जात आणि त्यांतील अनेक शरणपूरला पाठविली जात. तेथे ती लिहा-वाचायला, सुतारकाम आणि लोहारकाम शिकली. आफ्रिकेत पुढे त्यांना 'नाशिकची मुले' याच नावाने ओळखले गेले.

जेकब वेनराइट हा त्यांपैकीच एक. १८७३ साली आफ्रिकेच्या अंतर्भागात डॉ. डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांचे निधन झाले. त्यांच्या सोबत्यांनी त्यांचे हृदय तेथील भूमीत पुरले. त्या वेळी दफनविधीच्या प्रार्थना वाचल्या त्या वेनराइटने. नंतर ते पार्थिव महिनोन्‌महिने पायी वाहून समुद्रकिनाऱ्यापर्यंत आणले गेले. १८ एप्रिल १८७४ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबेमध्ये अंत्यविधी झाला, तेव्हा शवपेटीला साथ देणाऱ्यांत नाशिकला शिकलेला हा तरुण उपस्थित होता.

ही गोष्ट सांगताना आम्ही फुशारकी मारू इच्छित नाही. त्या मुलांना आश्रय मिळाला, विद्या मिळाली, परंतु शेजार मिळाला का? त्यांची मूळची नावे गेली आणि ती एका वेगळ्या वसाहतीत वाढली. १८७४ नंतर त्यांतील पुष्कळजण मोंबासाजवळच्या फ्रिअरटाउन या नव्या वसाहतीत गेले. नाशिकमध्ये त्यांची आठवण सांगणारे फारसे कोणी उरले नाही. आसरा देणे हे मोठे पुण्य खरे. पण आसऱ्यापुढे आणखी एक पायरी असते आणि ती आपण सहसा चढत नाही.

महाराष्ट्र दिनाची गाडी

१ मे २०२०. महाराष्ट्र राज्याचा साठावा वर्धापनदिन. टाळेबंदीमुळे कोठेही सोहळा नव्हता. त्या रात्री नाशिक रोड स्थानकावरून अडकून पडलेल्या कामगारांना घेऊन एक विशेष रेल्वेगाडी भोपाळकडे निघाली. दुसऱ्या दिवशी लखनौकडे दुसरी गेली. ज्यांना गाडी मिळाली नाही ते कसारा घाट चढून इगतपुरी, नाशिक, मालेगाव, धुळे या मुंबई-आग्रा महामार्गाने पायी चालत राहिले. ८ मे रोजी जालन्याहून निघालेले सोळा कामगार करमाडजवळ रेल्वे रुळांवर थकून झोपले आणि मालगाडीखाली चिरडले गेले. रुळांवर विखुरलेल्या त्यांच्या पोळ्यांचे छायाचित्र आपण सर्वांनी पाहिले. ते पाहताना ही माणसे कोणत्या प्रांताची, हा प्रश्न कोणाच्याही मनात आला नसेल.

त्याच महामार्गावर वेगळेही चित्र दिसले. गावोगावच्या लोकांनी रस्त्याच्या कडेला पाण्याचे पिंप ठेवले, खिचडी रांधली, पायांत चपला नसलेल्यांना चपला दिल्या. यवतमाळ जिल्ह्यात करंजी येथे वयोवृद्ध बाबा करनैलसिंग खैरा यांचा लंगर रात्रंदिवस चालू होता. शीख बांधव लंगरात रांगेने बसण्याला 'पंगत' म्हणतात. हा शब्द आपलाही आहे. फरक इतकाच की आपल्या पंगतीत पूर्वी कोणी कोठे बसावे याचे नियम होते आणि त्यांच्या पंगतीत राव आणि रंक एकाच जमिनीवर बसतात.

येथे एक कटू प्रश्न विचारावासा वाटतो. २००८ मध्ये ज्यांना आपण घालवून दिले आणि २०२० मध्ये ज्यांना आपण जेऊ घातले, ती एकाच प्रकारची माणसे होती. मग आपले मन दोन वेळी दोन प्रकारे का वागले? आमच्या मते उत्तर साधे आहे. २०२० मध्ये ती निघून चालली होती. जाणाऱ्याला दोन घास देणे सोपे असते. जो राहायला आला आहे, ज्याची मुले आपल्या मुलांच्या शाळेत बसणार आहेत, ज्याला आपल्याच गल्लीत घर भाड्याने हवे आहे, त्याच्याशी आपण कसे वागतो यावर आपल्या आतिथ्याची परीक्षा होते.

भाषा पंगतीत शिकली जाते

मराठी टिकली पाहिजे, वाढली पाहिजे, याविषयी दुमत नाही. परंतु परक्याच्या तोंडी मराठी कशी आली, हे आपल्या ख्रिस्तसभेचा इतिहास उत्तम सांगतो. फादर थॉमस स्टीफन्स हे जन्माने इंग्रज. ते गोव्यात आले, लोकांत राहिले, आणि १६१६ साली त्यांचे 'ख्रिस्तपुराण' प्रसिद्ध झाले. मराठी भाषेची थोरवी त्यांनी अशा शब्दांत गायिली की आजही मराठीचे प्राध्यापक त्यांचे नाव आदराने घेतात. जर्मन जेज्वीट फादर हेन्री डोरिंग यांनी १९०३ साली नगर जिल्ह्यातील केंदळ गावी 'निरोप्या' मासिक सुरू केले. आजही केरळ, गोवा आणि मंगळूरहून आलेले कितीतरी धर्मगुरू आणि धर्मभगिनी आपल्या खेड्यांत उत्तम मराठी बोलतात. या साऱ्यांना मराठी कोणी थप्पड मारून शिकविली नाही. एखाद्या माउलीने चुलीपुढे बसवून भाकरी वाढली, चुकलेला शब्द हसत दुरुस्त केला आणि भाषा त्यांच्या जिभेवर रुळली.

उलट, मराठीत जन्मलेल्यालाही परका ठरविता येते, हे आपण पाहिले आहे. जानेवारी २०२०च्या उस्मानाबाद येथील ९३व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष म्हणून वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांची निवड झाली, तेव्हा केवळ ते ख्रिस्ती धर्मगुरू आहेत म्हणून काही मंडळींनी विरोध केला. 'सुबोध बायबल'सारखा ग्रंथ मराठीला देणाऱ्या, साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळविणाऱ्या लेखकाला आपले मराठीपण सिद्ध करावे लागले. अर्थात त्यांच्या पाठीशी उभे राहणारे मराठी वाचक आणि लेखक संख्येने कितीतरी अधिक होते. जुलै २०२४ मध्ये ते देवाघरी गेले, तेव्हा सर्व धर्मांच्या लोकांनी अश्रू ढाळले. आज प्रांतावरून परका ठरविणारे उद्या धर्मावरून, परवा जातीवरून परका ठरवितात. ही यादी कोठे थांबेल, हे कोणीच सांगू शकत नाही.

आपल्या अंगणात

दुसऱ्यांना दोष देऊन हा लेख संपविला तर तो प्रामाणिकपणा ठरणार नाही. आपल्या शहरी धर्मग्रामांत मराठी, मलयाळी, तमिळ, गोवेकर, मंगळूरकर आणि झारखंडहून आलेले आदिवासी असे सारे एकाच छताखाली येतात. एकाच वेदीभोवती पवित्र मिस्सा होते, शांतीचे चिन्ह दिले जाते. पण मिस्सा संपल्यावर अंगणात काय दिसते? भाषेनुसार घोळके उभे राहतात. इंग्रजी मिस्सेला येणारा मराठी मिस्सेला येणाऱ्याला ओळखत नाही. 'ते लोक गायनात पुढे, कामात मागे', 'त्यांना फक्त मानाची पदे हवीत', 'हे खेड्यातले, यांना शिस्त नाही', अशी वाक्ये आम्ही आमच्याच अंगणात ऐकली आहेत आणि ऐकून गप्प बसलो आहोत, ही आमचीही चूक आहे.

मग पेठ, सुरगाणा, हरसूल भागांतून दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांत कामाला येणाऱ्या आदिवासी बांधवांचे काय? ते परप्रांतीय नाहीत. जिल्हा तोच, भाषाही बहुतांशी तीच. तरी मजुरांच्या अड्ड्यावर त्यांना कोणी नावाने हाक मारत नाही. ऊसतोडीला जाणाऱ्या पति-पत्नींच्या जोडीला तर आपल्याकडे 'कोयता' म्हणतात. किती कोयते आले, असे विचारले जाते. दोन जिवंत माणसांना त्यांच्या हातातील हत्याराचे नाव देण्याइतकी आपली जीभ सरावली आहे. 'भैया' म्हणणारी आणि 'घाटी' ऐकून दुखावणारी जीभ हीच.

पवित्र शास्त्रातील अम्माऊसच्या वाटेवरील प्रसंग येथे आठवतो. दोन शिष्य एका अनोळखी वाटसरूबरोबर कोसभर नव्हे, कित्येक कोस चालले. त्याच्याशी बोलले, त्याचे ऐकले, तरी त्यांनी त्याला ओळखले नाही. संध्याकाळ झाली म्हणून त्यांनी त्याला मुक्कामाचा आग्रह केला. तो भोजनास बसला आणि त्याने भाकर मोडली, तेव्हा कोठे त्यांचे डोळे उघडले. वाटेवरच्या एवढ्या संभाषणाने जे झाले नाही, ते एका जेवणाने झाले. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी ३ ऑक्टोबर २०२० रोजी बंधुभावावर लिहिलेल्या 'फ्रातेल्ली तुत्ती' या परिपत्रात चांगल्या शोमरोन्याच्या दाखल्यावर एक संपूर्ण प्रकरण खर्ची घातले आहे, तेही याच कारणासाठी. माझा शेजारी कोण, हा प्रश्न विचारणाऱ्याला प्रभूने उलट तू कोणाचा शेजारी झालास, असे विचारले.

म्हणून आमची वाचकांना नम्र विनंती आहे. मोठमोठ्या योजना नकोत. आपल्या इमारतीचा रखवालदार, घराचे प्लास्टर करणारा गवंडी, शेजारी भाड्याने आलेले बिहारी किंवा ओडिया कुटुंब यांपैकी एकाला या महिन्यात एकदा घरी जेवायला बोलवावे. त्याला त्याच्या गावाचे नाव विचारावे, आपल्या गावाचे सांगावे. एखादा मराठी शब्द शिकवावा, त्याचा एक शब्द शिकावा. त्याने बोलावले तर त्याच्याही घरी जावे. कारण दुसऱ्याला वाढणे सोपे, दुसऱ्याच्या ताटात जेवणे अवघड असते. आणि मुलांच्या देखत कोणत्याही समाजाला टोपणनावाने संबोधू नये. जी मंडळी बाहेरून येथे आली आहेत, त्यांनाही आमचे सांगणे आहे की ज्या घरात आपण राहतो त्या घराची भाषा शिकणे हा पाहुण्याचा धर्म आहे. आपल्या धर्मग्रामातील एखाद्या निवृत्त शिक्षिकेने आठवड्यातून एक तास त्यासाठी दिला, तर ती मराठीची मोठीच सेवा होईल.

२०२७च्या सिंहस्थाच्या तयारीने नाशिकचे रस्ते गजबजले आहेत. ते रस्ते बांधणारे हात बहुतेक दूरदूरच्या गावांहून आलेले आहेत. लाखो पाहुण्यांच्या स्वागतासाठी आपण सज्ज होत आहोत, ते योग्यच आहे. त्या तयारीत राबणाऱ्या एखाद्याला तरी या रविवारी आपल्या घरी पाट मांडावा, म्हणजे पुढच्या वेळी दगड उचलणाऱ्याच्या हाताला त्या घरात जेवलेला कोणीतरी आठवेल आणि तो हात थांबेल.